चार वाजून दहाला मास्तर येतात

मास्तर वारून अकरा दिवस झाले होते, आणि तरीही ते रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कामावर येत होते.

निदान कारखान्यातली माणसं तसं सांगत होती. तपासनीस बाईंनी हे फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "हजेरीवर सही करतात का?"

पलीकडे कारखान्याचे साहेब होते. त्यांना हसू आलं नाही. "चेष्टा नको, बाई. त्या टेबलाशी कोणी बसायला तयार नाही. आणि मला पाचच्या आत अहवालावर तुमची सही हवी आहे. आजच या."

बाई गेल्या. यंत्रं तपासणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. गुडघे दुखायचे, जिना चढताना त्या जिना बांधणाऱ्याचा उद्धार करायच्या, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा छडा लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

प्रकरण भुतापेक्षा वाईट होतं. कारखान्यात श्वास देणारी यंत्रं बनत. तीन आठवड्यांपूर्वी त्यातलं एक यंत्र इस्पितळात भर दुपारी आपोआप बंद पडलं. खिडकीजवळच्या खाटेवर सहा वर्षांची मुलगी होती. नर्सने चाळीस मिनिटं हाताने फुगा दाबून तिचा श्वास चालू ठेवला, म्हणून ती वाचली. यंत्र परत आलं. ज्यांनी त्याची रचना केली होती त्या मास्तरांनी ते स्वतःच्या टेबलावर घेतलं, आठ दिवस त्याच्यापायी जिवाचं रान केलं, आणि त्याच खुर्चीत छातीत कळ येऊन गेले.

साहेबांनी अहवाल लिहूनच ठेवला होता. त्यात एकच ओळ कामाची होती: दोष रचनेत होता, आणि रचनाकार हयात नाहीत.

"सोयीचं आहे," बाई म्हणाल्या.

"कोणाच्या?"

"हयात असलेल्यांच्या."

चाचणीची खोली लांबट होती. पश्चिमेला एक मोठी खिडकी, आणि खिडकीला लागून मास्तरांचं टेबल. यंत्र अजून तसंच उघडं पडलेलं, त्यातून निघालेल्या तारा मोजणीयंत्राच्या पडद्याला जोडलेल्या. मास्तर गेल्यापासून ते बंद करायची कोणाची छाती झाली नव्हती. पडद्यावर दोन हिरव्या रेषा धावत होत्या, एकीखाली एक. खुर्ची किंचित मागे सरकवलेली होती, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. टेबलावर चहाचा एक कप होता. चहावर साय धरली होती.

"हा कोणाचा?"

"बाबांचा," शेजारच्या टेबलावरची तरुणी म्हणाली. ती मास्तरांची लेक. बाप-लेक एकाच खोलीत काम करत. "काका ठेवतात. रोज."

"कोण काका?"

"दुरुस्ती खात्यातले. सख्खे नाहीत, पण बाबांचे तीस वर्षांचे मित्र. मला अंगाखांद्यावर खेळवलंय त्यांनी."

बाईंनी स्टूल ओढलं आणि टेकल्या. "मला समजावून सांग. मला काही कळत नाही असं समज."

लेक बोलू लागली. आवाज कोरडा होता. यंत्राला दोन मेंदू असतात. दोघांनी एकच गणित सोडवायचं आणि उत्तर जुळलं तरच रुग्णाला श्वास द्यायचा. दोघांनी एकाच क्षणी पाऊल टाकावं म्हणून एकाच उगमातून ठोके निघतात आणि दोन चिपांमधून दोघांकडे जातात. एकीकडचा ठोका आधी आणि दुसरीकडचा मागून पोचला, तर मेंदूंचं जमेनासं होतं आणि यंत्र स्वतःला थांबवतं.

"किती मागून?"

"सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले, तर त्यातले दोन. तेवढी फट पडली की संपलं."

"आणि फट पडू नये म्हणून तुझे बाबा काय करायचे?"

पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. "जोडी. चिपा ज्या पट्टीवर लावून येतात, तसल्या एकाच पट्टीवरच्या शेजारशेजारच्या दोन घ्यायच्या. एकत्र तपासायच्या. मग एकमेकींना चिकटवून ठेवून दोघींवरून ब्रशाचा एकच तिरका फटकारा. नेलपॉलिशचा. माझीच बाटली पळवलेली." तिने टेबलावरची किरमिजी बाटली दाखवली. "एक बिघडली की दोन्ही टाकून द्यायच्या. जोडी फोडायची नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं."

"हे फटकारा मारणं कोण कोण बघायचं?"

"मीच. याच टेबलावर चालायचं. बाकीच्यांना चिपा बसवलेले तयार बोर्डच दिसतात."

साहेब मध्येच म्हणाले, "ती रंगरंगोटी होय? मला वाटायचं गंमत म्हणून करतात."

बाईंनी मास्तरांची वही ओढली. रोज एक पान. पहिल्या तीन पानांवर "काही नाही." चौथ्यावर "पुठ्ठा काढला. ४.१२. फट दिसली." पाचव्यावर फट, सहाव्यावर फट, सातव्यावर फट. आठवं पान नव्हतं. शिवणीत कागदाची बारीक कड तेवढी राहिली होती.

"त्या दिवशी इथे आधी कोण पोचलं?"

"काका. त्यांनीच सगळ्यांना हाका मारल्या." मग एकदम म्हणाली, "पाचला तुम्ही सही कराल ना? मी पण जाणार आहे. राजीनामा लिहिलाय. बाबांच्या चुकीमुळे त्या पोरीचा जीव जाता जाता राहिला, असं लिहिलेल्या जागी मला रोज बसवणार नाही. आणि ते खरं असेल तर मग त्यांनी मला शिकवलेलं सगळंच..."

चारला काका चहा घेऊन आले. साठीचा, हडकुळा, अदबशीर माणूस. त्यांनी ट्रे आधी टेबलावर टेकवला आणि मग त्यातून एकेक कप पुढे सरकवला. सगळे कप अर्धेच भरलेले. बाईंना चहा काठोकाठ लागायचा. त्यांनी मनातल्या मनात नाक मुरडलं.

"हे यंत्र इस्पितळात जायच्या आधी तुमच्याकडून गेलं होतं?"

"सगळीच जातात. शेवटची नजर माझी."

"यात काही बदललं होतं?"

"नाही."

"मास्तर रोज येतात म्हणे. तुम्ही पाहिलंत?"

काकांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "येतात," ते म्हणाले. ते घाबरले होते, आणि ते घाबरणं खोटं नव्हतं.

चार वाजून आठ झाले. दाराशी माणसं जमली, पण आत कोणी आलं नाही. चार वाजून दहाला खुर्ची करकरली. कोणी हात लावला नव्हता. थोड्या वेळाने पडद्यावरची खालची रेषा, म्हणजे दुसऱ्या मेंदूकडचा ठोका, हलली. हळूहळू ती वरचीपासून मागे सरकू लागली. अर्धा तुकडा. एक. दीड. दोनची खूण ओलांडली तसा यंत्राने लांब, एकसुरी आवाज दिला. लेकीने डोळे मिटून घेतले. बाईंच्याही अंगावर काटा आला, हे त्यांनी पुढे कधी कबूल केलं नाही.

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, आणि पदर पसरून उभ्या राहिल्या.

दोन-तीन मिनिटं गेली. रेषा परत एकीखाली एक आल्या. आवाज थांबला.

"ऊन आहे," बाई म्हणाल्या. "पलीकडच्या गच्चीवरच्या टाकीमागून ते चार वाजून दहाला बाहेर येतं आणि थेट बोर्डावर पडतं. खुर्चीचं लाकूडही त्यानेच तापून करकरतं. इथे पूर्वी पुठ्ठा असायचा, हे काचेच्या कडेला चिकटपट्टीचे डाग आहेत ना. कपाटामागे बघा."

पुठ्ठा कपाटामागेच निघाला. नीट दोरी बांधून ठेवलेला.

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "चला. म्हणजे यंत्राला ऊन सोसत नाही. म्हणजे दोष रचनेतच. करा सही."

लेकीचा चेहरा पडला. बाईंनी घड्याळ पाहिलं. "पाचला अवकाश आहे. कपाटातून एक चांगला बोर्ड काढ गं. मास्तरांच्या हातचा."

तो बोर्ड त्याच जागी, त्याच उन्हात ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बोटाला चटका बसावा इतका तो तापला. दोन्ही रेषा जागच्या हलल्या नाहीत.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "ऊन दोन्ही चिपांवर सारखंच पडतं. चिप तापली की ठोका उशिरा पोचतो, पण जोडी खरी असेल तर दोघींनाही सारखाच उशीर होतो. फट पडत नाही. जोडी कशासाठी, तर याचसाठी. मास्तरांची रचना उन्हाला पुरून उरणारी होती. इस्पितळातल्या यंत्रातली जोडी खरी नव्हती."

"पण दोन्ही चिपांवर नेलपॉलिशची रेघ आहे," साहेब म्हणाले.

"भिंग द्या."

बाईंनी आधी चांगला बोर्ड लेकीसमोर धरला. पहिल्या चिपेवरची रेघ खालच्या कोपऱ्यातून निघून काठापर्यंत चढत होती. दुसरीवरची बरोबर त्याच उंचीवर सुरू होऊन वर जात होती. मग त्यांनी इस्पितळातल्या यंत्रावर भिंग धरलं. लेकीने पाहिलं आणि भिंग स्वतःच्या हातात घेतलं.

"दोन्हींवर सुरुवातच आहे," ती म्हणाली. "खालच्या कोपऱ्यातून. शेवट कोणावरच नाही."

"कारण दुसरी चिप वेगळ्या पट्टीवरची. ज्याने ती बसवली त्याने शेजारची रेघ बघून तशीच काढली. रेघ दोघींची मिळून एक असते हे त्याला माहीत नव्हतं. म्हणजे तू नाहीस. साहेबांना तर ती रंगरंगोटी वाटत होती, तेव्हा तेही नाहीत. ज्याने आयुष्यभर तयार बोर्डच पाहिले, आणि त्या रेघेला महत्त्व आहे एवढं ज्याला ठाऊक होतं, असा माणूस. आता या दुसऱ्या रेघेकडे नीट बघ. कशी आहे?"

"थरथरलेली."

बाई वळल्या. "काका, तुम्ही कप अर्धे का भरता?"

काकांनी हात पाठीमागे नेले. मग, आता लपवून काय करायचं, अशा चेहऱ्याने ते पुढे आणले. बोटं थरथरत होती.

"हात असे होऊन दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "एक सैल जोड पक्का करायला सोल्डर लावताना हात हलला, चिप जळली. मास्तरला सांगितलं तर तो दोन्ही टाकणार, नवी जोडी पुन्हा दिवसभर तपासणार, आणि विचारणार, जळली कशी. माझे हात गेले हे त्याला कळलं असतं. दुसरं काही येतं का मला? घरी बसून काय करणार होतो? तपासलं तेव्हा यंत्र बरोबर चाललं. मला वाटलं, एका चिपेने काय होतंय."

"मास्तरांनी पुठ्ठा स्वतः काढला होता," बाई म्हणाल्या. "यंत्र खिडकीजवळ बंद पडलं हे त्यांनी हेरलं. आठव्या दिवशी त्यांनी रेघ पाहिली आणि ती कोणाची तेही ओळखलं. ते वहीत लिहिलं. लोक धावपळ करत होते तेव्हा तुम्ही ते पान फाडलंत."

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं वाटलं मला."

"मला पडला, काका," लेक म्हणाली.

ते खाली बसले. मास्तरांच्या खुर्चीत नाही, जमिनीवर.

"अशी यंत्रं किती?" बाईंनी विचारलं.

"एकच."

"हिच्याकडे बघून सांगा."

काकांनी लेकीकडे पाहिलं. "तीन," काका म्हणाले. "हे धरून तीन."

साहेबांचा रंग उडाला. पण त्यांनी काकांना विचारून, स्वतःच धावत जाऊन दप्तरातून त्या दोन यंत्रांचे क्रमांक काढले आणि स्वतःच फोन लावला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. एक यंत्र गोदामात होतं. दुसरं एका इस्पितळात; तिथला फोन नर्सने उचलला. यंत्र चालू होतं. खाटेवर म्हातारे गृहस्थ होते.

"खिडकी आहे का जवळ?" साहेबांनी विचारलं.

"आहे ना. ऊन आत्ताच यायला लागलंय."

"पडदा ओढा. आधी पडदा ओढा, मग दुसरं यंत्र आणा. मी लाईनवर आहे."

सगळे त्या फोनकडे बघत उभे राहिले. सहा मिनिटांनी नर्स म्हणाली की बदललं, आजोबा ठीक आहेत. साहेबांनी आपला अहवाल उचलला आणि मधोमध फाडला.

काकांनी खिशातून पाकीट काढलं. त्यात घडी केलेलं एक पान होतं. अकरा दिवस ते त्यांच्या छातीशी होतं. देताना कागद इतका हलत होता की लेकीला तो दोन्ही हातांनी धरून घ्यावा लागला. ती मोठ्याने वाचू लागली.

"४.११. कारण सापडलं. हात त्याचा आहे. आज विचारलं तर तो मोडून पडेल. अशी आणखी किती, हे उद्या सकाळी तो स्वतःच येऊन सांगेल. मी त्याला ओळखतो."

तिने पान वहीत, त्याच्या जागी ठेवलं.

"बाबा उद्या म्हणाले होते," ती काकांना म्हणाली. "तुम्ही अकरा दिवस लावलेत."

काका रडू लागले. ती त्यांच्याजवळ गेली नाही. तिला जावंसं वाटलं होतं, पण ती गेली नाही.

मग तिने स्टूल नाही, ती करकरणारी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यात बसली. यंत्र अजून चालूच होतं. मास्तरांनी मांडलेला प्रयोग अकरा दिवस, रोज त्याच वेळी, बघायला कोणीतरी येईल म्हणून वाट बघत होता.

"बंद करू?" तिने बाईंना विचारलं.

"आधी लिहून ठेव," बाई म्हणाल्या.

तिने वहीचं नवं पान उघडलं, वेळ घातली, फट लिहिली, कारण लिहिलं. खाली बापाचं नाव लिहिलं आणि शेजारी स्वतःचं. मग तिने बटण दाबलं.