नेमावरचे मुके कावळे

पटो न पटो, हे घडलंय. सन चौपन्न, नेमावरचा घाट, भर सकाळ. अंधाराची सबब मला सांगता येणार नाही.

बापूसाहेब माझे काका. देवास दरबारचे बडे अंमलदार. त्यांच्या दहाव्याला आम्ही नर्मदेवर जमलो होतो.

वाळूत पिंड मांडला. कडुलिंबावर कावळेच कावळे.

पण...

एकही ओरडत नव्हता.

“भिया, ये तो सुबे से चुप हैं,” नावाडी फत्तेसिंग म्हणाला.

पिंडाला कावळा शिवेना. म्हणजे काकांचा जीव कशात तरी अडकलेला. त्यांचा थोरला, यशवंतराव, वचनं देऊ लागला. सतवासची जमीन विकणार नाही. धाकट्या बहिणीचं, विद्युल्लतेचं लग्न थाटात करीन. दोन्ही खोटी, हे आम्हाला ठाऊक होतं. बहुधा कावळ्यांनाही.

“गुरुजी, दर्भाचा कावळा करा आणि उरका!” यशवंतराव वैतागला.

गुरुजींनी केला. पिंडाला टेकवणार तोच...

हातातून सुटून नदीत गेला. वारा नव्हता.

काका कशात अडकलेत ते मला माहीत होतं.

शेवटच्या महिन्यात ते माझ्याकडून एक इंग्रजी पुस्तक वाचून घेत. जर्मनांच्या छळछावणीतून वाचलेल्या एका यहुदी बाईच्या आठवणी. तिची माणसं भरदिवसा नेली आणि सगळं जग गप्प बसलं. तिथं आलं की काका मला थांबवत.

“अडतीस साली एक यहुदी डॉक्टर आला होता रे माझ्याकडे. बहिणीला इथं आसरा द्या म्हणत. हाना तिचं नाव. मी म्हटलं, बघू.”

“मग?”

“मग काय? दरबारी ‘बघू’ ते. ती तिकडेच मेली.”

मी पिंडापुढे हात जोडले. “काका, हानाचं नाव दडवणार नाही. लोकांना सांगेन.”

सगळे कावळे एकदम उतरले. पिंड संपवला... आवाज न करता.

ते उडाले, तेव्हा वाळू दिसली.

नदीकडून पिंडापर्यंत बुटांचे ठसे. बायकी, टाचेचे.

आम्ही सगळे अनवाणी होतो.

परतीचा ठसा एकही नव्हता.

“घरचं घरात ठेव,” यशवंतराव पुटपुटला. “अब्रू आहे घराण्याची.” चार वर्षांत त्यानं तो विषय काढलेला नाही. बापाचाच मुलगा.

दर वर्षी त्या तिथीला इथं धारला, माझ्या अंगणाच्या भिंतीवर, कावळे येऊन बसतात. मुके. कुणाला तरी हे सांगितलं की एक ओरडतो, मग सगळे उडतात.

आज तीच तिथी. तुम्हाला सगळं सांगून झालं, कावळे तुमच्याकडे बघतायत...

अजून एकही ओरडलेला नाही.