अकरावा निकाल

माझं काम कंटाळवाणं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. रोज सकाळी साडेनऊला ठरलेले शब्द सर्चमध्ये टाकायचे आणि निकालांच्या अख्ख्या पानाचा, वरपासून तळापर्यंत, स्क्रीनशॉट घ्यायचा. कुठल्या गिऱ्हाइकाचं दुकान कालच्यापेक्षा वर चढलं, कुठलं घसरलं, याचा तो पुरावा. एवढं लांब पान पडद्यावर मावत नाही, म्हणून प्रोग्राम ते सरकवत सरकवत तुकडे टिपतो आणि एकाखाली एक जोडतो. जोड चुकला की एखादा निकाल दोनदा येतो.

त्या सोमवारी ‘चष्म्याचं दुकान’ शोधल्यावर दहाऐवजी अकरा निकाल आले. अकरावा म्हणजे तिसराच पुन्हा, आमच्याच गिऱ्हाइकाचा. मी तो कापून टाकणार, तेवढ्यात फोटोकडे लक्ष गेलं. वरच्या फोटोत दुकानासमोरचं हिरवं बाकडं रिकामं होतं. खालच्या फोटोत त्यावर माझे बाबा बसले होते.

फोटो मोठा करून पाहिला. राखाडी स्वेटर, वरून तिसरं बटण गायब. ते बटण मी महिनाभर ‘आज लावते, उद्या लावते’ करत होते. घरी फोन केला.

“आजोबा इथेच बसून पेपर वाचतायत,” मुलगी म्हणाली. “उलटा.”

बाबांच्या विसरण्यावर आम्ही हसायला शिकलो होतो. रडत बसण्यापेक्षा ते बरं.

साहेबांना स्क्रीनशॉट दाखवला. “जोड चुकलाय, परत घे,” ते न बघताच म्हणाले. परत घेतला. बाबा होतेच. मंगळवारी होते, बुधवारीही. स्क्रीनशॉट न घेता नुसतं पान उघडलं की मात्र दहाच निकाल दिसायचे.

गुरुवारी दुपारी मुलीचा फोन आला.

“आई, आजोबा घरात नाहीयेत. मी फक्त आंघोळीला गेले होते गं... दार सताड उघडं आहे.”

तिला पोलिसांना कळवायला सांगितलं, शेजाऱ्यांना गल्ल्या बघायला पाठवलं आणि मी रिक्षा पकडली. कुठे चालले, ते साहेबांना सांगितलं नाही. काय सांगणार, कपाळ?

दुकान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. बाबा तिकडे जन्मात गेले नव्हते. बाकडं रिकामं होतं. मी त्याच्याशेजारी उभी राहिले, बसायचं धाडस झालं नाही.

दहा मिनिटं गेली. वीस. घर सोडून इथे काय करतेय म्हणून स्वतःला शिव्या घातल्या.

मग कोपऱ्यावरून राखाडी स्वेटर वळला.

बाबा सावकाश आले आणि बसले. डावा हात गुडघ्यावर, फोटोत होता तसाच.

“बाबा!”

“आलीस? ‘तिथे बाकड्यावर बसा, मी येतेच’ म्हणालीस ना.”

“मी? कधी?”

“आत्ताच, त्या कोपऱ्यावर. फार म्हातारी दिसत होतीस. जरा नीट जेवत जा.”

मी भर रस्त्यात लाज सोडून रडले, मग हसले. बाबा सापडले होते; बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं. संध्याकाळी पहिलं काम बटण लावायचं केलं. राखाडी मिळेना, म्हणून लाल लावलं. बाबा खूश झाले.

शुक्रवारी साडेनऊला पुन्हा अकरा निकाल आले. बाकड्यावर बाबा नव्हते. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग फोटो मोठा केला.

बाकड्यावर एक म्हातारी बसली होती. चष्म्याच्या वरून बघत होती, मी बघते तशी. अंगात राखाडी स्वेटर होता.

तिसरं बटण लाल होतं.

मी घरी फोन लावला. “हे बघ, मी कधी हरवलेच, तर आधी चष्म्याच्या दुकानापाशी ये. पत्ता लिहून घे.”

“तो मगाशीच दिलास की फोनवर,” मुलगी म्हणाली. “लिहून ठेवलाय. पण तुझा आवाज का असा बसला होता गं?”