भिंतीपलीकडचा मेलिश

हे खरं आहे. शपथा-बिपथा मी घेणार नाही. पटलं तर वाचा, नाही तर राहू दे.

आणि अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती हो. मे महिना, भोपाळ, रविवारची रणरणती दुपार.

मी कल्पना. महाराणा प्रताप नगरात एका पेपरच्या ऑफिसात काम करते. भुताखेतांच्या बातम्या आल्या की हसून बाजूला टाकते.

टाकत होते, असं म्हणू या.

माझे बाबा, श्रीकांत, इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर होते. माझं लहानपण टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये गेलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये बाबांच्याच कारखान्यातले दिगूकाका आणि सिंधूकाकू. दोन्ही बैठकींच्या मध्ये एकच भिंत. तिकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळायचं.

दिगूकाका टर्बाइनच्या ट्रेनिंगसाठी चेकोस्लोव्हाकियाला जाऊन आले. बाकीच्यांनी येताना काचेचे सेट आणले, घड्याळं आणली. काकांनी आणल्या रेकॉर्डी. त्याही कुणा नावाजलेल्या माणसाच्या नाहीत. ओताकार मेलिश, एका कारखान्याच्या गावातल्या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर. त्याला तिकडेही कुणी विचारत नव्हतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या त्या लांबलचक, जड सिम्फन्या वाजवाव्यात तर मेलिशनेच, असं काकांचं ठाम मत.

"बाकीचे ते तुतारीवाल्यांना मोकाट सोडतात रे श्रीकांत! नुसत्या कानठळ्या. आमचा मेलिश बघ, आधी मागचे ते खर्जातले डबल बास ऐकवतो. आणि मग थांबतो!"

थांबतो म्हणजे असं... शेवटच्या भागात एक मोठा कडकडाट होतो आणि सगळी वाद्यं एकदम गप्प. इतर कंडक्टर तिथे एक श्वास घेतात आणि पुढे जातात. मेलिश थांबायचा. इतका, की नव्या माणसाला वाटावं रेकॉर्ड संपली. मग अगदी हळू शेवट सुरू व्हायचा.

"शेवट कधी सुरू करायचा, ते त्याला एकट्याला कळतं," काका म्हणायचे.

बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आवाज वाढला की ते लाटण्याने भिंत ठोकायचे. धप, धप! आणि मेलिश थांबला की पलीकडून काका बोटातल्या अंगठीने वाजवायचे.

टक... टक-टक.

म्हणजे, "ऐक लेका, थांबलाय!" वर्षानुवर्षं हा खेळ. कॉलनीतले दोघांनाही वेड्यात काढायचे.

मग एका रविवारी काकू बाजारात गेल्या होत्या. काका घरी एकटे होते. हार्ट अटॅक आला. काकू परतल्या तोवर सगळं आटोपलं होतं. डॉक्टर त्यांना म्हणाले, एका झटक्यात गेले, त्यांना कळलंही नसेल.

काकू त्या एका वाक्यावर जगल्या. कुणीही भेटायला आलं की म्हणायच्या, "यांना काही कळलंच नाही हो."

पुढे त्या बहिणीकडे इंदूरला राहायला गेल्या. जाताना रेकॉर्डी बाबांना दिल्या. "भाऊजी, तुमच्याशिवाय कोण ऐकणार आता?"

बाबांनी ते खोकं माळ्यावर टाकलं. कधीच उघडलं नाही. मला वाटायचं, मित्राची आठवण सोसत नसेल.

निवृत्त झाल्यावर बाबांनी अयोध्या नगरात छोटं घर बांधलं. मी मोठ्या हौसेने जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून आणला.

"नको गं कल्पू," बाबा म्हणाले.

मी कुठली ऐकते! कूलर बंद केला आणि मेलिश लावला.

कडकडाट झाला. वाद्यं गप्प झाली. दूर कुणीतरी खोकलं, खुर्ची करकरली. कार्यक्रमातच केलेलं रेकॉर्डिंग होतं ते.

आणि मग...

टक... टक-टक.

मला वाटलं, हेही रेकॉर्डिंगमधलंच असेल. पण आवाज प्लेअरमधून येत नव्हता. माझ्या पाठीमागच्या भिंतीतून येत होता.

त्या भिंतीपलीकडे घर नाही. रिकामा प्लॉट आहे.

मी पळत बाहेर गेले. "कौन है?" ओरडले. लू चालली होती, अंग भाजणारा गरम वारा. वाळकं गवत. माणूस सोडा, कुत्रंही नव्हतं.

आत आले तर बाबांचा चेहरा पांढराफटक. रेकॉर्ड फिरत होती, सुई पुढे सरकत होती... पण संगीत सुरूच होत नव्हतं.

मी सुई उचलली.

"त्या दिवशीही वाजलं होतं," बाबा म्हणाले. "मेलिश थांबला आणि दिगूने ठोकलं. मला वाटलं, नेहमीसारखं. मी पेपर वाचत बसलो गं... तो मला हाक मारत होता."

इतकी वर्षं हा माणूस हे एकटा गिळून बसला होता!

"काकूंना सांगा, बाबा."

"कसं सांगू? 'त्यांना कळलंच नाही' एवढंच तर आहे तिच्याजवळ. तेही काढून घेऊ?"

बाबांनी नाही सांगितलं. पण पुढच्याच महिन्यात काकू एका लग्नासाठी भोपाळला आल्या आणि आमच्याकडे दुपारी चहाला थांबल्या. प्लेअर पाहून त्यांचे डोळे भरून आले. "अगंबाई, यांचा मेलिश! लावा ना भाऊजी."

बाबा काय म्हणणार? लावला.

मी मनात देवाचं नाव घेत होते. कडकडाट झाला. सगळं गप्प.

टक... टक-टक.

काकूंनी कपबशी खाली ठेवली. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग बाबांकडे.

"भाऊजी... त्या दिवशी हे ऐकू आलं होतं तुम्हाला?"

बाबा हात जोडून उभे राहिले. "आलं होतं, वहिनी."

टक... टक-टक. आता हळू.

"किती वेळ वाजत होतं?"

खोटं बोला, बाबा... मी मनात म्हणाले. एकदाच होतं म्हणा.

"रेकॉर्ड संपेपर्यंत," बाबा म्हणाले.

आणि त्याच क्षणी... संगीत सुरू झालं. डबल बास, अगदी हळू. मेलिशचा शेवट.

काकूंनी तो पूर्ण ऐकला. मग पदर सावरून उठल्या आणि निघाल्या. चहा तसाच राहिला.

त्यानंतर बाबा रोज दुपारी ती रेकॉर्ड लावायचे. भिंतीला कान लावून बसायचे. "दिगू, एकदा वाजव रे," म्हणून विनवायचे. काही नाही. मेलिशही आता थांबत नव्हता. एक श्वास घ्यायचा, इतरांसारखा, आणि पुढे जायचा.

त्या हिवाळ्यात बाबा गेले. दुपारी जेवून लवंडले ते उठलेच नाहीत.

संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं, मी अजून इंदूरला कळवलंही नव्हतं, आणि फोन वाजला. सिंधूकाकू. त्या दुपारनंतर त्यांचा कधी फोन नव्हता.

"कल्पू, भाऊजी कसे आहेत?"

"का हो काकू?"

"दुपारपासून माझ्या खोलीच्या भिंतीवर कुणीतरी ठोकतंय... लाटण्याने."

रडत रडत मी त्यांना सांगितलं. मग फोनमधून मलाही ऐकू आलं.

धप... धप.

"काकू, तुम्ही एकदा... पलीकडे उत्तर द्या ना. नुसती टकटक करा. काकांची अंगठी आहे ना तुमच्या बोटात?"

"आहे," काकू म्हणाल्या.

पुन्हा वाजलं.

"थांबू देत त्यांनाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काकू आता फार थकल्या आहेत. दिवाळीला मी फोन करते, आम्ही तब्येतीचं, इकडचं तिकडचं बोलतो. बाबांचा विषय दोघीही काढत नाही.

फोनमध्ये त्यांच्या आवाजामागे मात्र... भिंत अजून वाजत असते.