गाठीवरचं बोट

आतला दिवा घालवा. बाहेरचा राहू दे, नाहीतर कोपऱ्यातल्या पैलवानाला घाम फुटेल. हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या. मी जन्मभर थापा मारल्या, कबूल. सातवीत मास्तरांच्या खुर्चीला खळ लावली, तिथेच माझं शिक्षण संपलं. पण ही थाप नाही. ही माझ्या मित्राची गोष्ट आहे, आणि तिच्यात थोडा माझाही हात आहे.

मित्र म्हणजे आपला रेडिओवाला. अख्खी गल्ली त्याला ‘उद्या’ म्हणते. काहीही दुरुस्तीला टाका, उत्तर ठरलेलं, “उद्या या.” बायकोनं एकदा विचारलं, “जेवायला कधी बसताय?” सवयीनं तेच बोलून गेला. तिनं खरंच ताटं आवरून ठेवली!

तर गेल्या नोव्हेंबरातली एकोणीस तारीख, बुधवार. रात्री साडेनऊला उद्या माझ्या दारात. काम साधंच होतं.

“तुझा रेडिओ दे. स्पीकर काढून घेतो.”

“अरे, चांगला वाजतोय की!”

“म्हणूनच,” तो म्हणाला. हसला नाही.

तो स्पीकर माझा नव्हताच. मार्च महिन्यात टेलरकाका त्यांचा जुना ट्रान्झिस्टर उद्याकडे घेऊन आले होते. चामडी कव्हरचा, काकूंचा. काकू अंथरुणाला खिळलेल्या. उभी हयात काज-बटणं केली, आता हातपाय सुजलेले, नजर गेलेली. दिवसभर सोबत म्हणजे तो रेडिओ. मोबाइल त्यांना जमेना. या रेडिओचं बटण मात्र अंधारातही बोटांना सापडायचं. बिघाड एवढाच, की बटण फिरवलं की काटा सरकवते ती डायलची दोरी तुटली होती. वीस मिनिटांचं काम. उद्या म्हणाला, “उद्या या.”

त्याच आठवड्यात मी माझा फाटक्या आवाजाचा रेडिओ घेऊन गेलो. मला मॅच ऐकायची होती. इतका पिडला त्याला, इतका पिडला, की त्यानं फळीवरच्या काकूंच्या रेडिओतला स्पीकर काढून माझ्यात बसवला. मापात बसला. “त्यांना दुसरा आणू,” म्हणाला. कधी, ते तुम्हीच ओळखा.

टेलरकाका दर आठवड्याला यायचे. “झाला का हो?” “पार्ट येतोय, काका.” आठ महिने पार्ट येत होता. एकदा काका म्हणाले, “दोरीच हवीय ना? दोऱ्याला काय तोटा माझ्याकडे?” तेव्हाही यानं मान हलवली. “ती वेगळी असते.”

ऑक्टोबरात काकू गेल्या.

आणि त्या बुधवारी संध्याकाळी काका पुन्हा आले. म्हणाले, “आता घाई नाही हो. तुमच्या फळीवर उगाच जागा अडवलीय, तेवढंच वाटतं.” आणि गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

म्हणून उद्या माझ्याकडे आला होता. मी विनोद केला, “भूतबीत लागलं का?” त्यानं पेचकस काढून माझा रेडिओ उघडला. स्पीकर खिशात टाकून निघाला.

पुढचं त्यानंच मला सांगितलेलं. दुकान उघडलं तेव्हा साडेदहा. शटर अर्धं खाली. टेबलावर एक दिवा. समोर गिऱ्हाइकाचं स्टूल, रिकामं. त्यानं स्पीकर जोडला, सेल घातले. मग रेडिओवाल्यांची जुनी युक्ती: ओलं बोट व्हॉल्यूमच्या बटणामागच्या मधल्या टोकाला लावायचं. माणसाचं बोट लागलं की स्पीकर ‘घूं’ करतो, म्हणजे आवाजाची बाजू जिवंत. बोट लावलं. घूं. काढलं. गप्प. ठीक.

तो दोरीचं रीळ शोधायला वळला.

घूं...

त्यानं हात बघितले. एका हातात रीळ. दुसरा ड्रॉवरमध्ये. घूं थांबलं. ‘सांधा सैल असेल,’ तो स्वतःशीच म्हणाला आणि दोरी ओवायला बसला.

डायलची दोरी म्हणजे वैताग असतो, पोरांनो. तीन कप्प्यांवरून फिरवायची, ताणून धरायची, दुसऱ्या हातानं स्प्रिंग ओढायची, आणि मग गाठ मारायची. तिसरा हात आणायचा कुठून? चार वेळा सुटली. बारा वाजले. साडेबारा. पाचव्यांदा अर्धी गाठ बसली, आणि सैल पडायला लागली. तो वैतागून बोलला,

“इथे कुणीतरी बोट ठेवायला हवं होतं.”

गाठ थांबली.

दोरी ताठ. सरकेना. जसं पुडकं बांधताना आपण म्हणतो, जरा धर इथे, आणि समोरचा धरतो... तशी.

त्यानं दुसरा वेढा घातला. गाठ आवळली. मग मेणाचा तुकडा सोल्डरिंग आयर्नला टेकवला. एक थेंब गाठीवर. ती सुटू नये म्हणून. थेंब पडला, आणि पडल्यापडल्या चपटा झाला.

स्टूल रिकामं होतं. तरी करकरलं.

“काकू?”

...

“काकू, चुकलं माझं.”

काही नाही. दिवा तसाच. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

“उद्या नेऊन देतो,” तो म्हणाला.

घूं!

टेबल थरथरलं. त्याचे दोन्ही हात छातीशी होते.

“आत्ता,” तो म्हणाला. “आत्ता नेतो.”

आवाज बंद झाला.

रात्री दीड वाजता तो टेलरकाकांच्या दाराशी उभा होता, रेडिओ पोटाशी धरून. कडी वाजवायच्या आधी दार उघडलं. काका जागेच होते.

“झाला?”

“झाला.” मग त्याच्यानं राहवेना. “काका, पार्ट कधी अडकलाच नव्हता. वीस मिनिटांचं काम होतं. स्पीकर मी दुसऱ्याला दिला होता.”

काकांनी रेडिओ घेतला, दिव्याखाली नेला, मागचं झाकण काढलं. आयुष्य दोऱ्यात गेलेला माणूस. आधी गाठ बघणारच. चष्मा वर करून वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“गाठीवर बोट कुणी ठेवलं?”

“कुणी... नव्हतं, काका.”

काकांनी मान हलवली. मग अगदी हळू म्हणाले, “अंगुस्तान निघालंच नाही तिचं. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती पितळी टोपी. बोट सुजलेलं. शेवटी तसंच... बोटातच जाऊ दिलं.”

उद्या तेव्हापासून कुणाला ‘उद्या’ म्हणत नाही. माझा रेडिओ घरी मुका पडलाय. नवा स्पीकर बसवून देतो म्हणाला, मीच नको म्हटलं.

मी जाऊन बघून आलोय. काका दाखवतात, हात लावू देत नाहीत. गाठीवर मेणाचा ठिपका आहे, करंगळीच्या नखाएवढा, चपटा. आणि त्यात उमटलेत, अगदी ओळीनं, बारीक बारीक खळगे... अंगुस्तानावर असतात तसले.