तीन खाचांची शिंप

"एकशे ब्याऐंशी... एकशे त्र्याऐंशी... डोम्या, तुह्या बालटीत किती राहिल्या?"

"तीनच! आन् माह्ये हात तुटले, दादा!"

"हात मंग तोड. आधी शिंपल्या दे!"

डोमाने शेवटच्या तीन शिंपल्या दिल्या आणि तो वाळूवर आडवाच झाला. सकाळचे दहा वाजले होते, पण शहानूर नदीच्या पात्रात पाय ठेववत नव्हता. मे महिना! वरचा डोह आटायला लागला होता. त्यातल्या जिवंत शिंपल्या गोळा करून, ओल्या गोणपाटाखाली झाकून, अर्ध्या मैलावरच्या मानडोहात आणून सोडायच्या. पहाटेपासून हेच चाललं होतं.

डोमा आणि पंचफुला एकाच वर्गातले, सांगवडीच्या शाळेतले. शालू ही पंचफुलाची आतेबहीण, अमरावतीहून सुट्टीला आलेली. आंबे खायला आली होती बिचारी, आणि बादल्या वाहत होती! आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो डोमाचा मोठा भाऊ श्रावण. अमरावतीच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकत होता. तीन वर्षं तो नदीतल्या शिंपल्या मोजत होता. गावात लोक त्याला हसायचे.

"एकशे शहाऐंशी," श्रावणने वहीत लिहिलं. "आता एकदा पुन्हा मोजू."

"पुन्हा?" तिघंही ओरडली.

"एकदा मोजलं तर ते मोजणं नाई होत." श्रावणचे डोळे लाल झाले होते, आवाज बसला होता. "पहिल्या साली चारशे होत्या. मांगच्या साली दोनशे नव्वद. आता ह्या एवढ्या."

"पण दादा, शिंपल्या कमी झाल्या तं कोणाचं काय अडते?" पंचफुला म्हणाली. ती मनातलं पोटात ठेवायची नाही.

श्रावणने एक शिंपली हातात घेतली. तिच्या कडेला कानशीने घासलेल्या तीन बारीक खाचा होत्या. त्याने मोजलेल्या प्रत्येक शिंपलीवर हीच खूण होती. "हे दिवसभर गढूळ पाणी गाळत बसते. हिची पिल्लं माशाच्या कल्ल्याले चिकटून फिरतात, मोठी झाली की खाली पडतात. मासा नाई तं शिंपली नाई. शिंपली नाई तं पाणी असं!" त्याने वरच्या डोहातल्या हिरव्या चिखलाकडे बोट केलं.



"आन् आयका. रस्त्याच्या भरावासाठी ह्या मानडोहाचा गाळ उपसणार हायेत. शुक्रवारी माह्ये सर येतात, भगवंतराव सर. त्यांनी शिंपल्या डोळ्यानं पाह्यल्या तं ते वरती पत्र लिहितील, उपसणं थांबन. नाई पाह्यल्या तं डोह गेला, शिंपल्या गेल्या, माह्ये तीन वर्षं गेले. मी सरांना आणाले जातो. तोवर तुमी डोहावर ध्यान ठेवा."

"ठेवतो!" पंचफुला म्हणाली.

"दिवसभर?" शालूने हळूच विचारलं.

"दिवसभर," श्रावण म्हणाला आणि अकोटची एस.टी. गाठायला पळाला.

मंगळवारी तिघं दिवसभर डोहाकाठच्या जांभळाखाली बसली. बुधवारी उन्हाने डोकी भणभणली, तेव्हा दुपारी थोडा वेळ घरी जाऊन झोपली. थोडा वेळ म्हणजे चार वाजेपर्यंत! गुरुवारी तर बारालाच निघाली.

"दुपारच्याले कोण येते नदीवर?" डोमा म्हणाला. प्रत्येकाला झोपच हवी होती.

पंचफुलाच्या घरी तिची माय, केशरबाई, लोणच्याच्या कैऱ्या सोलत बसली होती. हातात शिंप. पाठीवर दगडाने घासून भोक पाडलेली, त्या भोकाच्या धारेने कैरीची साल सर्रकन निघत होती. घरोघरी अशीच शिंप असते.

शालू आडवी झाली होती. तिची नजर त्या शिंपेवर गेली. ती ताडकन उठली!

"मामी! ती शिंप दाखवा!"

"काहून व? सोलाची हौस आली का?"

शिंपेच्या कडेला तीन खाचा होत्या.

पंचफुलाने ती हिसकूनच घेतली. "माय, हे कुठून आणली?"

"खुशालरावानं देली. दोन कुडव कैऱ्या घेतल्या की एक शिंप फुकट! साऱ्या बायाइनं नेल्या. धार मोठी छान हाय बरं."

तिघं धावतच नदीवर गेली. कमरेएवढ्या पाण्यात उतरून पायाने चाचपलं, बुड्या मारल्या, पुन्हा पुन्हा मोजलं. त्रेचाळीस! एकशे शहाऐंशीतल्या फक्त त्रेचाळीस!

"आपण झोपलो होतो," डोमा म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "दादाले काय सांगू?"

"मंग रडू," पंचफुला म्हणाली.  "आधी खुशालरावाचा वाडगा पाहू!"

खुशालराव आंब्या-कैऱ्यांचे व्यापारी. माल ठेवायचं कुंपणाचं आवार, तो त्यांचा वाडगा. डोमा नेहमीप्रमाणे फाटकाबाहेरच थांबला. त्याला आत कुणी बोलवत नसे. पण कुंपणाच्या फटीतून त्यालाच आधी दिसलं! आढीशेजारी सावलीत एक ओलं पोतं. चूल मांडलेली. चुलीवर मोठी काहील.

"पोतं हाललं!" तो कुजबुजला. "पंचे, आतल्या जित्त्या हायेत!"

खुशालराव बाजेवर पंख्याने वारा घेत पडले होते. "काय व पोरीहो? कैऱ्या पायजे?"

"नाही काका," शालू म्हणाली. "ते काय शिजवताय?"

"शिंपल्या! आमच्या गड्यानं आणल्या डोहातून. उकळल्या की तोंड उघडतात, एकीच्या दोन शिंपा होतात. पन्नासेक शिंपा देल्या लोकाइले. उद्या शुक्रवारचा बाजार, आनखी साठ लागतात. संध्याकाळी चूल पेटवतो." त्यांनी जांभई दिली. "लय कटकट हाय बाप्पा! उकळा, धुवा, घासा. माह्या गड्याचे हात सोलले."

पंचफुला बोलणारच होती, "त्या श्रावणदादाच्या..." पण शालूने तिच्या पायावर पाय दिला. ओरडून उपयोग नव्हता. 'शिंपल्या मोजून राह्यला म्हणे!' असं म्हणून खुशालरावच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

"काका," शालू गोड आवाजात म्हणाली, "आयत्या मिळाल्या तर? भोक पाडलेल्या, धार लावलेल्या, साठ शिंपा? संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी?"

"आन् तुमाले काय पायजे?"

"हे पोतं."

खुशालराव उठून बसले. "हे कच्चं पोतं? काय करता त्याचं?"

"सुट्टीत काही कामच नाही आम्हाला," शालू म्हणाली.

खुशालराव खो-खो हसले. "घ्या न पोट्टेहो! साठ आणा, पोतं न्या! साठाले एक कमी नाई!"

बाहेर येताच डोमाने विचारलं, "साठ आणाच्या कुठून?"

"दिवळ्यांतून!" पंचफुला म्हणाली. "घरोघरच्या भिंतीतल्या दिवळीत मांगच्या सालची शिंप पडली असते. धार गेलेली. कोणी फेकत नाई, कोणी वापरत नाई!"

मग काय! भर दुपारी, तापलेल्या धुळीतून, तीन पोरं दारोदार. माळ्यांच्या आळीत पंचफुला आणि शालू, बौद्धवाड्यात डोमा.

"जुनी शिंप द्या वं काकू! उद्या खुशालरावाकडून धारेची नवी भेटते!"

"नवी म्हणजे?" एका म्हातारीने डोळे बारीक केले. "माह्यीच घासून मलेच देता का?"

"हाव," पंचफुलाने कबूल करून टाकलं. "पण धार पक्की!"

म्हातारी हसली आणि दोन काढून दिल्या.

चार वाजता एकसष्ट शिंपा जमल्या. मग जांभळाखालच्या दगडावर घासणं सुरू झालं. खर्र खर्र, खर्र खर्र! बोटांची सालं निघाली.  शालू घासता घासता डुलकी घेई आणि डोमा तिच्या तोंडावर पाणी मारी.

"मी अमरावतीला काय सांगू? सुट्टीत काय केलं?"

"सांग, बोटं घासले!"

एक शिंप फुटली. उरल्या बरोबर साठ!

सूर्य कलला तेव्हा खुशालराव काडी ओढतच होते. पंचफुलाने टोपली त्यांच्यापुढे आदळली. त्यांनी एक शिंप कैरीवर ओढून पाहिली. साल सर्रकन निघाली.

"बह्याड, येडे पोट्टे! मेहनत तुमची, मजा आमची!" ते खूश होऊन म्हणाले.

पोतं दोघींनी उचललं. फाटकाबाहेर डोमाने तिसरा कोपरा धरला. डोहापर्यंत चार वेळा खाली ठेवावं लागलं. काठच्या उथळ पाण्यात एकेक ठेवत शिंपल्या मोजल्या. एकशे बारा! मग तिघांनी पुन्हा मोजल्या. एकशे बारा.

शुक्रवारी पहिल्या एस.टी.ने श्रावण आणि भगवंतराव सर आले. सर धुळीने पांढरे झाले होते. श्रावण तीन दिवस झोपलाच नसावा. डोमाने सगळं सांगितलं. झोपलो होतो, हेही सांगितलं.  श्रावणने डोमाची सोललेली बोटं धरली आणि बराच वेळ पाहत राहिला.

तोवर गोष्ट गावात पसरली होती. बायका कडेला खाचा असलेल्या शिंपा घेऊन डोहावर येत होत्या आणि श्रावण एकेक वहीत लिहीत होता. मागून खुशालरावही आले, पटका सारखा करत.

"मले वाटलं, ते दगडच हायेत," ते पुटपुटले.

भगवंतरावांनी एक शिंपली उथळ पाण्यात ठेवली. "बसा. पाहा."

सगळे वाकले. हळूहळू शिंपली उघडली. आतून पांढरा, जिभेसारखा पाय निघाला, वाळूत रुतला आणि शिंपली चालायला लागली!

"अरे बाप्पा! हे चालते!" खुशालराव उकिडवेच बसले. "आन् मी हिले काहिलीत..."  मग ते एकदम म्हणाले, "आजपासून माहा गडी डोहाले हात नाई लावत. गाळ थांबवाच्या पत्रावर माहा अंगठाही घ्या!"

"सही येते न तुमाले, खुशालराव!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"पंचवीस वर्षं शिकवतोय मी," भगवंतराव म्हणाले, "पण कैरीच्या शिंपा देऊन कुणी एवढे जीव सोडवल्याचं पाहिलं नव्हतं. शाबास! आजच पत्र लिहितो, आणि या तिघांची नावंही त्यात घालतो!"

पण तिघंही जांभळाखाली गाढ झोपली होती. डोमा बादलीवर डोकं ठेवून, आणि शालू ओल्या गोणपाटावर.

सगळ्यांत शेवटी केशरबाई आली. पदरातून तिने आपली शिंप काढली.

"हिचं वय किती होतं, श्रावण?"

श्रावणने नखाने शिंपेवरच्या वर्षावर्षाच्या रेषा मोजल्या. सवयीप्रमाणे पुन्हा मोजल्या. "बारा, काकू."

केशरबाईने जांभळाखाली पाहिलं. पंचफुला तोंड उघडं टाकून झोपली होती.

"इच्याएवढी," ती म्हणाली.

तिने शिंप श्रावणच्या हातात ठेवली. "लिहून घे. मी आता इळ्यावरच सोलीन."