पावलावरची फुली

डोळे उघडले तेव्हा एका अनोळखी मुलाने तिचं उजवं पाऊल हातात धरलं होतं... आणि त्यावर तो चक्क पेनाने काहीतरी काढत होता!

"अहो! पाय आहे तो माझा, पाटी नाही!"

तो इतका दचकला की पेनाचं टोपण पलंगाखाली गेलं. "सॉरी... ठोका सापडला, म्हणून खूण केली. पुढच्या माणसाला शोधत बसायला नको."

पावलावर एक इवलीशी निळी फुली. आदल्या दिवशी तिची स्कूटर घसरली होती. गुडघा निखळला आणि निखळताना त्याच्या मागची रक्तवाहिनी फाटली. डॉक्टरांनी ती शिवली. शिवण टिकली तर पाय राहणार, नाही टिकली तर — पुढचं तिच्यासमोर कुणी बोलत नव्हतं. आई तेवढी सारखी बाहेर जाऊन डोळे पुसून येत होती. रक्त पोचतंय की नाही, हे सांगणार होता फक्त पावलातला ठोका.

आणि तो बघायला तासातासाला येणार होता हा! नर्सिंगचं शेवटचं वर्ष, लांब बोटं, लाजरं हसू.

"इथे आम्हाला ब्रदर म्हणतात," त्याने सांगितलं.

"मी नाही म्हणणार!" ती फटकन बोलली, आणि मग स्वतःच लालेलाल. "म्हणजे... मी फुलीवाले म्हणेन. चालेल?"

"पळेल. आणि तुम्हाला?"

"घरी टिटवी म्हणतात. बडबड भारी आणि पाय काटकुळे."

फुलीवाल्याला परीक्षेसाठी अख्खा पाय पाठ करायचा होता, आणि टिटवीला तर तेच हवं होतं. "ही नडगी," तिच्या शाबूत पायावर तो हवेतूनच बोट फिरवायचा. "हाडावर नुसती कातडी, म्हणून इथे लागलं की जीव जातो. आता अंगठा वर उचला... दोरी ताठली ना? तिच्या शेजारी ठोका. दुसरा आतल्या घोट्याच्या मागे."

"आणि गुडघ्यामागे?"

"तिथेही असतो, पण खोल. शोधायला धीर लागतो."

"तुमच्याकडे आहे?"

"परीक्षेत कळेल..." तो पुटपुटला, आणि त्याचे कान तापले.

तिसऱ्या दिवशी पाऊल गार लागलं.

"बोटं झोपल्यासारखी वाटतायत हो," तिने हळूच सांगितलं. त्याने फुलीवर बोटं टेकवली, डोळे मिटले. टिटवी पहिल्यांदाच गप्प. ती त्याच्या पापण्यांकडे बघत राहिली, आणि नेमके तेव्हाच त्याने डोळे उघडले... नजर सुटेना.

"आहे!" तो म्हणाला. "चांगला जोरात आहे!"

दोघं वेड्यासारखे हसले. आईसुद्धा हसली.

तासाभराने मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी फुलीवर बोटं ठेवली. सरकवली. घोट्यामागे पाहिलं. मग काही न बोलता त्याला बोलावून त्याची बोटं फुलीवर दाबली आणि त्याच्या दुसऱ्या हाताचं मनगट पकडलं.

"लागतोय?"

"लागतोय की, सिस्टर."

"मोठ्याने मोज."

"एक... दोन... तीन..."

"अरे गाढवा! हे तुझेच ठोके आहेत, तुझ्याच बोटांतले! इथे मनगटात मला तेच लागतायत. पाऊल केव्हाचं गप्प झालंय!"

टिटवीला शेवटचा दिसला तो त्याचा पांढराफटक चेहरा. मग स्ट्रेचर, दिवे, धावणारी पावलं — दुसऱ्यांची.

शुद्धीवर आली तेव्हा चादर गुडघ्याच्या जरा खालपर्यंत उंच होती. त्यापुढे सपाट.

फुलीवाले आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

"दुसरा वॉर्ड मागून घेतलाय त्याने," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तोंड दाखवायची हिंमत नाही पोराची."

"त्यांना म्हणावं, मी काही चालत येऊ शकत नाही. त्यांनाच यावं लागेल."

तो आला. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, मग जागेचं भान येऊन उशाशी सरकला.

"डॉक्टर म्हणतात, तासभर आधी कळलं असतं तरी कदाचित..."

"कदाचित," ती म्हणाली. "नसलेला अंगठा खाजतो माझा. माहितीये कसं वाटतं?"

"नाही."

"खूप राग आलाय मला तुमचा!" आणि ती रडली, हमसाहमशी. तो हलला नाही, समजावायला गेला नाही, पळालाही नाही. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "पाय गेला, आणि त्याच दिवशी तुम्हीपण गेलात. एकदम दोन-दोन कशाला?"

त्याला बोलता येईना.

"गुडघ्यामागचा शोधा," ती म्हणाली. "ही तुमची परीक्षा."

त्याने एका हाताची बोटं गुडघ्यामागच्या खळग्यात अलगद रुतवली आणि दुसऱ्या हाताची स्वतःच्या गळ्यावर. शोधलं. सरकवलं. पुन्हा शोधलं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी तो तिथेच.

"लागला," तो अखेर म्हणाला. "आणि वेगळे आहेत... हा माझा. हा — तुझा."

तुझा! तिने ऐकलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. "जोरात कुणाचा?"

"तुझा."

"खोटं!"

"या वेळी खात्री करून सांगतोय."

त्याने खिशातून निळं पेन काढलं. ते तिने हिसकावलं, त्याची कॉलर ओढली, आणि त्याची बोटं होती तिथे, गळ्यावर, एक फुली काढली.

"ही तुझी," पेन परत देत ती म्हणाली. "आता माझी काढ. आणि पुन्हा घोळ घातलास ना... तर ब्रदर म्हणेन!"