दुपट्टा हाये म्हणजे गुरुजी हाये

बसा. कंदील जरा इकडं सरकवा, मंग सांगतो.

आमी दीक्षा घेतलेली माणसं. देव सोडले, भूतं तं त्याच्या आधीच सोडली होती. तरीबी ऐका.

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता तवाची गोष्ट. तिथून जवळच्याच कुरुद गावच्या सरकारी शाळेत खोल्या चार अन् मास्तर दोनच, मी अन् भाऊराव. पगारात घर चाले नाही. कारखान्यात तं अंगठेबहाद्दरबी आमच्याहून जास्त कमवत. दोघांनीबी तिथं अर्ज टाकला. पण आमच्या दोघांत बोली झाली होती, नवा मास्तर आल्याबिगर कोणीच शाळा सोडायची नाही.

एकेकाले दोन खोल्या सांभाळा लागत. म्हणून खोलीतून जाताना खुर्चीवर खांद्यावरचा दुपट्टा ठेवायचा. दुपट्टा हाये म्हणजे गुरुजी हाये. पोट्टे चूप बसत.

एका सकाळी भाऊराव दुपट्टा ठेवून "आलोच" म्हणून गेला, तो थेट कारखान्यात हजर झाला. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये, क्वार्टरबी भेटलं. संगं दीक्षा घेतलेला माणूस, केसानं गळा कापला त्यानं माहा!

दुसऱ्याच दिवशी भिंतीपल्याड पाढे सुरू झाले. आवाज भाऊरावचा. धावत गेलो. पोरं ताठ बसलेली, खुर्चीवर दुपट्टा, अन् खोलीत त्याच्या विडीचा वास.

"गुरुजी अभी बाहर गए," मथुरा नावाची पोरगी हळूच म्हणाली.

मंग हे रोजचंच झालं. तपासणीचे साहेब आले. व्हरांड्यातून आवाज ऐकला, आत दुपट्टा पाहिला अन् हसले. "मैं भी मास्टर रहा हूँ. दुपट्टा है तो मास्टर है. नया आदमी क्यों दें?"

डोकं सणकलं माहं. दुसऱ्या दिवशी पोरांले सुट्टी दिली, शाळेले कुलूप लावलं अन् सेक्टर दोन गाठलं. भाऊरावले धरून साहेबापुढं उभं केलं का माही सुटका.

भाऊराव खाटेवर बसला होता. "गद्दारा, बोल न आता!" म्हटलं. त्याचे ओठ हलले... आवाज नाही. डोळ्यात पाणी.

"शाळा भरते तवा यांचा आवाज जाते, भाऊजी," त्याची बायको रुक्मा कुजबुजली. "सुटली का येते..."

"पण आज तं शाळा बंद हाये, वैनी..."

शाळा सुटायच्या टाइमाले भाऊराव खोकलला. "देवीदास... आज कोणची पोरं बसवली रे तू? एकाचीबी पापणी लवत नाही... विचारून राहिली होती, दुसरे गुरुजी कवा येतीन?"

मले कारखान्याचं बोलावणं आलं. गेलो नाही. पोरांपायी थांबला म्हणून लोकांनी हार घातला. कायचं पोरांपायी! त्यानंतर मी एक सुट्टी घेतली नाही. नवा मास्तरबी आला नाही.

मंग भाऊराव वारला. खुर्चीवर दुपट्टा ठेवून त्याच्या मातीले गेलो, अन् तिथून सरळ शाळेत आलो. साहेब व्हरांड्यात उभे होते, खुशीत.

"देवीदासजी, आप बाहर से आ रहे हैं?" ते म्हणाले. "अभी तो अंदर पढ़ा रहे थे. आप भी, भाऊराव भी."

मी बोलाले गेलो. तोंड नुसतंच हललं.